पालथ्या होडीमागचा उजवा ठोसा

पहिल्या दिवशी सरांनी मला एकही ठोसा मारू दिला नाही, आणि कुठेतरी पाणी मुरतंय अशी माझी तिथेच खात्री झाली. पापडीतल्या एका जुन्या हॉलमध्ये आठवड्यातून तीन संध्याकाळी बॉक्सिंगचा क्लास चालायचा. बारा-तेरा मुलगे आणि आम्ही दोन मुली. सरांनी मला भिंतीजवळ उभं केलं. डावा पाय पुढे, उजवा मागे, मुठी गालापाशी. म्हणाले, "आता नुसतं उभं राहायचं, बाय. नीट उभं राहता आलं की मारता येतं." मी तासभर उभी राहिले. समोर बॅग लोंबत होती आणि तिच्यावर ती दुसरी मुलगी धपाधप ठोसे घालत होती. घरी जायच्या वेळी कळलं की ती सरांचीच मुलगी. झालं, मला आणखी काय हवं होतं!

आमच्या घरात संशय आला तो फ्लॅटबरोबर. बाबा मूळचे मालवणकडचे, मुंबईत एका कचेरीत कारकून. लालबागची खोली सोडून त्यांनी विरार पूर्वेला फुलपाड्यात फ्लॅट घेतला. ताबा मिळाल्यावर त्यांनी सहज म्हणून टेप लावला, तर हॉल नकाशापेक्षा दीड फूट आखूड निघाला. बिल्डर म्हणाला, तुम्ही भिंतीची जाडी धरली नाही. बाबांनी भिंतीची जाडी मोजली. तेव्हापासून तो टेप कपाटात गेलाच नाही, टीव्हीवर हाताशी राहिला. आईने पुढे दुधाचं माप, टँकरचं पाणी, रिक्षावाल्याचा रस्ता हे सगळं ताब्यात घेतलं. शेजारीण वाटीभर खीर घेऊन आली तर दार लावल्याबरोबर आई म्हणायची, "हिला काय हवंय आता?" अशा घरातली मी थोरली मुलगी. मला कुणी "कशी आहेस?" विचारलं तरी मी आधी त्याच्या चेहऱ्याकडे बघायचे.

ही दोन हजार सालानंतरची दोन-तीन वर्षं. मुलींच्या बॉक्सिंगचं तेव्हा नवीनच खूळ होतं. मी वसईत कॉलेजला होते आणि एका प्रात्यक्षिकाला सर आले होते, तिथून मी या नादाला लागले. बाबांना ते मुळीच पसंत नव्हतं. नाक मोडलं तर पुढे काय, हा त्यांचा प्रश्न, आणि पुढे म्हणजे लग्नाचं, हे सांगायची गरज नव्हती. शेवटी त्यांनी अट घातली. फेब्रुवारीत ठाण्याला जिल्ह्याची निवड आहे ना? संघात आलीस तर पुढचं बघू. नाही आलीस तर ग्लोव्हज परत द्यायचे आणि कॉम्प्युटरच्या क्लासला नाव घालायचं. मला ते ग्लोव्हज परत द्यायचे नव्हते. आयुष्यात पहिल्यांदा दुसऱ्या कुणी न निवडलेली, माझी मी निवडलेली एक गोष्ट माझ्या हातात होती.

अडचण एवढीच होती की प्रत्येक वजनगटात एकच मुलगी संघात जाणार होती. माझं वजन अठ्ठेचाळीस किलो. सरांच्या मुलीचंही अठ्ठेचाळीस.

सर वसईच्या पाचूबंदरचे, मच्छीमार घरातले, ख्रिस्ती. तरुणपणी गोदीत कामाला होते, तिथेच बॉक्सिंग शिकले. बोलायला गोड माणूस, म्हणजे माझ्या हिशेबाने आणखीनच धोक्याचा. महिनाभराने त्यांनी मला ठोसा मारू दिला. मी सगळा जीव एकवटून उजवा हात हाणला. बॅगेचा धाडकन आवाज झाला. मी त्यांच्याकडे बघितलं. ते म्हणाले, "आवाज चांगला झाला. पन बॅग हलली का?"

बॅग हलली नव्हती.

"तू हातानं मारतेस, बाय. जालं कोन हातानं ओढतो? पायानं ओढतात. मागची टाच फिरव, कंबर फिरू दे, हात आपोआप जातो. आनि आता महिनाभर हळू मारायचं. एकदम हळू."

मी मान डोलावली आणि मनात सगळं उलटं लिहून घेतलं. टाच फिरव म्हणजे तोल जाणार आणि मी तोंडावर पडणार. हळू मार म्हणजे मी हळूच राहणार आणि यांची मुलगी जोरात. कोणता बाप आपल्या पोरीच्या समोर उभी राहणाऱ्या पोरीला खरं सांगेल? मी घरी गच्चीवर सिमेंटच्या रिकाम्या गोणीत रेती भरली, पाण्याच्या टाकीच्या पाइपाला ती टांगली, आणि टाच जमिनीला घट्ट रोवून रोज शंभर ठोसे पूर्ण जोरात मारायला लागले. पंधरा दिवसांत मनगट सुजलं. मी पूर्ण बाह्यांचा टीशर्ट घालून क्लासला गेले. सरांनी ग्लोव्हज चढवायला माझा हात धरला, अंगठ्याने मनगट हलकेच दाबलं, माझ्या तोंडाकडे बघितलं, आणि हात सोडला.

त्यानंतर त्यांनी मला काही सांगायचंच बंद केलं. "चांगलं चाललंय" एवढंच म्हणायचे आणि पुढे जायचे. आता तर मला पुरावाच मिळाला. आधी चुकीचं सांगत होते, आता काहीच सांगत नाहीत! मी घरी आईला सांगितलं. ती भाकरी थापता थापता म्हणाली, "बघ हो, मुलीला घरी वेगळं शिकवत असणार." आईचा अंदाज सहसा चुकत नसे, निदान तिचं स्वतःचं तरी तसं मत होतं.

आणि त्याच आठवड्यात, हॉलच्या मागे हातपाय धुताना, सरांची मुलगी नळावर एका मुलाला सांगत होती, "मंगळवारी नि शुक्रवारी सकाळी पप्पा मला किनाऱ्यावर घेतात. आमच्या घरापुढे. खरा उजवा ठोसा तिकडेच." मी नळाच्या या बाजूला, ती त्या बाजूला, मधे हातभराचं अंतर. ही किती बावळट मुलगी, असं मला वाटलं.

शुक्रवारी मी कॉलेजच्या आधीची पहिली एसटी पकडली आणि पाचूबंदरला उतरले. किनाऱ्यावर बांबूंच्या मांडवांवर बोंबील वाळत होते. दुरुस्तीला काढलेली एक होडी वाळूत पालथी घातली होती, तिच्यामागे मी दबकून बसले. थोड्याच वेळात सर आणि त्यांची मुलगी आली आणि होडीपासून वीस पावलांवर उभी राहिली. इतक्या मोठ्या किनाऱ्यावर नेमकी माझ्यासमोर! नशीब जोरावर आहे, मी म्हटलं.

पहिलीच गोष्ट माझ्या लक्षात आली ती अशी की मुलगी उलटी उभी होती. ती डावखुरी. क्लासमध्ये ती कायम उजवा पाय पुढे ठेवून उभी राहायची आणि डाव्या हाताने मोठा ठोसा मारायची. इथे मात्र डावा पाय पुढे, उजवा मागे, म्हणजे अगदी माझ्यासारखी. मला लगेच उलगडा झाला. हे तिला गुपचूप दुसरा हात तयार करून देत होते. निवडीच्या दिवशी ती अचानक पाय बदलणार आणि मी बघत राहणार. केवढं कारस्थान! मला राग आला, पण खरं सांगायचं तर थोडं बरंही वाटलं. माझा संशय खरा निघाला होता.

सर मोठ्याने बोलत होते. वारा असल्यामुळे ओरडून बोलावं लागत असणार. प्रत्येक गोष्ट तीन-तीनदा सांगत होते. बहुतेक मुलगी ढ असावी.

"मूठ बघ. अंगठा बाहेर. पहिली दोन हाडं समोर, मनगट सरल. मनगट वाकलं की सुजनार."

मी होडीमागे मूठ वळली आणि बघितली. माझं मनगट वाकत होतं.

पुढे सहा आठवडे मी मंगळवारी नि शुक्रवारी त्या होडीमागे होते. दुसऱ्या खेपेला तिथे मासळीचा एक लाकडी खोका पडलेला होता. बरं झालं, म्हणून मी त्यावर बसले. तो पुढे रोज तिथेच असायचा. एकदा जाळं विणणाऱ्या म्हातारीने लांबून हाक मारली, "च्या पितेस का गो?" मी नको म्हटलं. कोण जाणे, चहा पाजून मला बोलती करायला तिला सरांनीच पाठवलं असेल. एकदा एक कुत्रा येऊन माझ्या पायाशी झोपला आणि मी त्यालाही हाकललं, कारण तो भुंकला असता तर मी पकडली गेले असते.

त्या होडीमागून मला सगळं दिसलं. सर मुलीच्या उजव्या टाचेखाली शिंपला ठेवायचे आणि सांगायचे, ठोसा मारताना टाच अशी बाहेर फिरव की शिंपला फुटला पाहिजे. टाच फिरली की गुडघा फिरायचा, गुडघ्याबरोबर कंबर, आणि मग खांदा हनुवटीशी येऊन हात सुटायचा. आधी अगदी हळू. वीसदा हळू, मग एकदा जोरात. जोरातला ठोसा सर दोन्ही हातांत धरलेल्या जुन्या उशीवर घ्यायचे आणि एक पाऊल मागे जायचे. आवाज फार होत नसे. मला माझ्या धाडकन आवाजाची आठवण झाली आणि कान गरम झाले.

मी गच्चीवरच्या गोणीतली अर्धी रेती काढून चिंध्या भरल्या. टाचेखाली शिंपल्याऐवजी खडू ठेवायला लागले. पहिला आठवडा नुसताच हसं व्हावं असा गेला, टाच फिरायची तेव्हा हात आधीच जाऊन आलेला असायचा. चौथ्या आठवड्यात एका सकाळी खडूचा भुगा झाला आणि गोण पाइपासकट हलली. खालच्या मजल्यावरच्या काकू वर ओरडत आल्या. मी इतकी खूश होते की त्यांची माफीसुद्धा मागितली.

क्लासमध्ये मात्र मी जुन्याच पद्धतीने, टाच रोवून, धाडधाड मारत राहिले. चोरीचा माल कोणी चव्हाट्यावर मांडतं का? सर "चांगलं चाललंय" म्हणायचे आणि पुढे जायचे. सहा आठवडे झाल्यावर मला वाटलं, आता यांच्याकडे घेण्यासारखं काही उरलं नाही. उरलेल्या मंगळवार-शुक्रवारी मी किनाऱ्यावर गेले नाही.

ठाण्याच्या एका शाळेच्या सभागृहात निवड झाली. आमच्या गटात आम्ही दोघीच होतो. बाबा शेवटच्या रांगेत हाताची घडी घालून बसले होते. सर कुणाच्याच बाजूला उभे राहिले नाहीत, लांब एका खुर्चीवर बसले. मुलगी रिंगमध्ये आली आणि नेहमीसारखी डावखुरी उभी राहिली. मी वाट बघत होते, आता पाय बदलेल, मग बदलेल. पहिली फेरी गेली, दुसरी गेली, तिने पाय बदलले नाहीत. तिचा पुढचा हात माझ्या नाकावर टकटक बसत होता आणि मी मागे पडत चालले होते. तिसऱ्या फेरीत माझी ती वाट बघण्याची ताकदच संपली. मी टाच फिरवली. उजवा हात तिच्या दोन मुठींमधून सरळ आत गेला. ती दोन पावलं मागे गेली आणि पंचांनी आकडे मोजायला सुरुवात केली. त्यानंतर तोच ठोसा आणखी तीनदा लागला.

माझा हात वर झाला तेव्हा सर टाळ्या वाजवत होते. काय नाटकी माणूस आहे, असं माझ्या मनात आलं. बाबा घरी जाताना एवढंच म्हणाले, "हेल्मेट असतं ते बरं आहे." त्यांनी ग्लोव्हजचा विषय पुन्हा कधी काढला नाही. मी त्या क्लासला पुन्हा गेले नाही. जिंकलेल्या मुलीला आता तो माणूस नक्कीच बिघडवून टाकेल, हा माझा हिशेब होता. मी त्यांना येते असंही सांगितलं नाही.

राज्य स्पर्धेत मी पहिल्याच लढतीत हरले. माझा उजवा ठोसा चांगला लागत होता, पण प्रत्येक वेळी त्याच्यावरून समोरच्या मुलीचा हात माझ्या जबड्यावर यायचा. पंच तिच्या गावचा असणार, असं मी पुढे बरीच वर्षं सगळ्यांना सांगत आले.

सात वर्षांनी मी विरारच्या एका शाळेत खेळाची शिक्षिका होते आणि चार-पाच मुलींना बॉक्सिंग शिकवत होते. त्यांत एक डावखुरी आली. तिच्याशी खेळताना दुसऱ्या मुली गोंधळायला लागल्या. मी त्यांना समजावायला गेले, "डावखुरीसमोर एकच हत्यार, उजवा सरळ ठोसा. तिच्या दोन हातांच्या मधून तोच जातो," आणि माझं बोलणं तिथेच अडलं. मुली माझ्याकडे बघत राहिल्या. इतकी वर्षं मी सगळ्या जगाचा संशय घेतला आणि हा एक साधा प्रश्न मला पडला नव्हता. स्वतःची मुलगी डावखुरी असताना, तिला हरवणारा नेमका तोच ठोसा तो माणूस किनाऱ्यावर ओरडून ओरडून कुणाला शिकवत होता?

रविवारी मी पाचूबंदरला गेले. सुके बोंबील घ्यायचे आहेत, असं घरी सांगितलं आणि स्वतःलाही. सरांची मुलगी घरापुढे बोंबील निवडत बसली होती. अंगाने भरली होती, कडेला तिचं लहान मूल खेळत होतं. तिने मला लगेच ओळखलं आणि हसली. मी इकडचं तिकडचं बोलले, बोंबील उलटेसुलटे करून त्यांचा वास घेतला, आणि शेवटी विचारलंच, "मी तेव्हा त्या होडीमागे बसायचे, ते तुला माहीत होतं?"

"मला?" ती म्हणाली. "सगळ्या गावाला म्हाईत होतं. बाहेरची पोरगी, पांढरे बूट घालून होडीमागे बसलेय, कोनाला नाय दिसनार? तुला बसायला खोका मीच ठेवायची."

तीच सांगत राहिली. माझं सुजलेलं मनगट बघून आल्यावर सर घरी म्हणाले होते की या पोरीला सांगून काही उपयोग नाही, सांगितलेलं ती घेत नाही, चोरू दिलं तर घेईल. नळावरचं बोलणं त्यांनीच तिला शिकवून पाठवलं होतं. आणि माझ्यासारखं डावा पाय पुढे घेऊन उभं राहायला तिला आठवडाभर वेगळा सराव करावा लागला होता.

"आणि तुझं काय?" मी विचारलं. "त्याच ठोशाने हरलीस तू."

तिने हातातला बोंबील टोपलीत टाकला. "मी पन तेच इचारलं पप्पांना. मी रडले पन होते. तर ते म्हनाले, तुला मी रोज घरी शिकवतो. तिला घरी कोन शिकवनार?" मग म्हणाली, "सहा आठवडे तोच ठोसा मी मारला. कुठून येनार ते मला म्हाईत होतं. तरी लागला. म्हनजे तू चांगला घेतलास." तिच्या बोलण्यात कुठे वाकडं काही आहे का, ते मी सवयीने शोधलं. काही नव्हतं.

मला लाज वाटली. इतकी की तिथून उठून एसटी पकडावी असं वाटलं.

सर आत जाळं सांधत बसले होते. आमचं बोलणं ऐकून बाहेर आले. केस सगळे पांढरे, पण चाल तीच. मी वाकून नमस्कार केला, तर त्यांनी माझा उजवा हात धरला आणि पूर्वीसारखंच अंगठ्याने मनगट दाबून बघितलं. मग मला म्हणाले, "राज्याला हरलीस ना? हातावरून मार खाल्लास?"

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"सांगायला कशाला पायजे? हात परत आनायचं तुला कुठे दाखवलं होतं? ते शेवटच्या आठवड्यात दाखवायचं होतं. तू यायची बंद झालीस." त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. "दोन दिवस वाट बघितली. खोका ठेवला होता."

पंच कोण, कोणत्या गावचा, हे सगळं मी सात वर्षं किती जणांना सांगितलं होतं, ते आठवून मी खाली बघत राहिले. मग जन्मात पहिल्यांदा कुणाला तरी म्हणाले, "आता दाखवाल का, सर?"

त्यांनी मुलीकडे बघितलं. तिने पदर खोचला, बोंबलाचे हात पाण्यात बुडवून झटकले, आणि अंगणात डावा पाय पुढे घेऊन उभी राहिली, माझ्यासारखी. मुठी गालापाशी नेल्या. सरांनी कोपऱ्यातला एक लाकडी खोका पायाने माझ्याकडे सरकवला. मी त्यावर बसले, अगदी समोर.

"बघ हां," ते म्हणाले, आणि या वेळी ओरडायची गरज नव्हती. "हात जातो ज्या वाटेनं, त्याच वाटेनं परत हनुवटीशी. हळू. वीसदा."